तळव्याला लागलेली बोटं

उद्या सकाळी स्पर्धा आहे. आधी आमच्या एकोडीच्या तलावात पोहायचं, मग साकोलीच्या रस्त्यानं सायकल, मग धावायचं. सगळं मिळून जवळजवळ दिवसभर. घरातले म्हणतात, झोप आता. पण तुम्ही थोडं बसा माझ्याजवळ.

आज दिवस कलताना मी तलावावर गेलो तो बाबांना जाळी काढू लागायला. पोहण्याच्या वाटेत जाळं नको, असं नागपूरच्या आयोजकांनी सांगितलं होतं. बाबांनी सगळी काढली. फक्त मधल्या खोल पाण्यातलं शेवटचं जाळं ओढताना त्यांचा हात थांबत होता.

"बाबा, एक चक्कर मारून येऊ?"

"लवकर ये बाबू. अंधार करू नको."

पाणी वरून कोमट, खाली गार होतं. चिखलाचा आणि कुजलेल्या कमळाच्या देठांचा वास येत होता. या पाण्यात डोकं घातलं की आपलाच हात दिसत नाही. म्हणून सरावाच्या वेळी माझा मित्र संघपाल माझ्या मागे राहायचा आणि अधूनमधून माझ्या पायाच्या तळव्याला बोटं लावायचा. म्हणजे, मी आहे, सुटलो नाही. काठावर आला की धापा टाकत म्हणायचा, "अबे, मच्छीमाराचा पोरगा ना तू? सरळ पोह ना बे! तुह्या मागं मागं मी कोणाच्या तरी बांधीत निंघीन, धान कापाले लावतीन मले!"

मी शाळा लवकर सोडलेला, चारचौघांत तोंड न उघडणारा. या स्पर्धेचं वेड त्याचंच. पावसाळ्यात कावीळ झाली आणि तो गेला.

तलावाच्या मध्यावर आयोजकांचा लाल फुगा तरंगत होता. त्याला वळसा घातला, तेव्हा तळव्याला बोटं लागली.

हळूच. तशीच.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. बरं वाटलं. वाटलं, आला. मी पोहत राहिलो. पुन्हा बोटं लागली... मग घोट्याला... मग ती घोट्याभोवती मिटली. आणि खाली ओढू लागली.

मी डोकं वर काढून मागे वळून ओरडलो, "संघपाल, जा ना बे! तू गेला... आता मले काहून नेऊन राहिला? जा!"

पकड एकदम सुटली. कसेबसे हातपाय मारत मी काठाला लागलो. बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते.

"तो कोण होता रे?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"कोण?"

"तुह्या समोर. पोरगा होता एक. तुले काठाकडं आणून राहिला होता, वळून वळून पाहे. तू ओरडला, तं थांबला. मंग बुडी मारून तुह्या मागं गेला."

"मंग?"

"मंग निंघाला नाही..."

नेहमी माझ्या मागे राहणारा संघपाल आज समोर होता. आणि मी त्यालाच जा म्हणालो. तो गेला. माझ्याऐवजी गेला.

उद्या मी उतरणार आहे. घरी कोणाला हे सांगितलेलं नाही, पण मला स्पर्धेचं आता काही नाही. तो शब्द परत घ्यायचा आहे, आणि तो पाण्यातच घ्यावा लागेल.

"बाबा," तेव्हा काठावरच मी विचारलं, "मंग माह्या मागं कोण होतं?"

त्यांनी आपला डोंगा, म्हणजे मासेमारीची लाकडी होडी, पाण्याबाहेर ओढला आणि मला हात लावायला सांगून थेट आमच्या अंगणात आणून पालथा घातला. हा डोंगा फक्त उन्हाळ्यात, डांबर लावायलाच बाहेर निघतो. ते काम बाबा एकटेच करतात. मला कधी जवळ येऊ देत नाहीत.

आज मी मोबाईलच्या उजेडात त्याचं बूड पाहिलं. डांबराचे थर सुटले होते तिथं खाली खाचा होत्या. बोटांच्या, शेजारी शेजारी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नव्या नव्हत्या. लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं.