चार बोटांचं माप

गोठ्याचं तेल काढून द्यायला निवृत्त उड्डाण-तंत्रज्ञ सावेली अर्खिपोविच दुपारी दोनला, आपल्या जुन्या झिगुली मोटारीतून बंद पडलेल्या विमानतळावर पोचला. गोठा म्हणजे एमआय-सहा, अवजड माल आणि माणसं वाहणारं अजस्र हेलिकॉप्टर. हे नाव सैनिकांनीच पाडलेलं. उद्या ते कापून भंगारात जाणार होतं. त्याच्या नळ्या ओळखणारा तो एकटाच उरला होता.

फाटकावर फाइना ल्वोव्ना होती, पूर्वी खानावळीत स्वयंपाकीण, आता राखणदार.

"या! तुमचा गोठा सकाळपासून कुरकुरतोय."

"तुमच्यासारखाच."

"माझं बीटाचं बोर्श्ट सूप खाऊन वाढलात, आणि मलाच टोमणे!"

तो हसत धुक्यात शिरला. सवयीने हेलिकॉप्टरच्या चाकाजवळ वाकला आणि चाकावरच्या, वजनाने आत दबणाऱ्या चकचकीत दांड्यावर बोटं आडवी धरली. डोंगरात वजनकाटा कुठला? रिकाम्या यंत्राचा दांडा चार बोटं दिसायचा, भरल्यावर दोन. त्याहून कमी दिसला की कुणाला तरी उतरवायचं.

आता तर इंजिनं, पाती, सगळं काढून नेलेलं. तरी दांडा एकच बोट दिसत होता.

त्र्याऐंशी साली अफगाण डोंगरातल्या त्या चौकीवरही एकच बोट भरलं होतं. ऊन रणरणतं, हवा विरळ. त्यानेच चौघांना खाली उतरवलं होतं. "पुढच्या फेरीत. मी स्वतः येतो." त्यांच्यातला कोस्त्रोमा गावचा तिखोन हसला होता. "काका, जागा धरून ठेवा हं!"

संध्याकाळी ढग उतरले. फेरी झाली नाही. रात्री हल्ला झाला; सकाळी चौकीच उरली नव्हती.

माप बरोबर होतं, म्हणून कुणी त्याला बोल लावला नाही. त्याचं मन मात्र त्याला चाळीस वर्षं खात होतं.

तो आत चढला. रॉकेलचा जुना वास आला... आणि ओल्या बुटांचा. दाराजवळच्या कापडी बाकाला चार ठिकाणी खळगे पडले होते.

"कोण आहे?"

बाक हळूच करकरला.

सावेलीने टोपी काढली. "पोरांनो... फार उशीर केला मी. चला. या खेपेला कुणाला उतरवणार नाही."

बाहेर येऊन त्याने पुन्हा बोटं धरली. चार बोटं. चांगली चार! तो तिथेच चाकाला टेकून रडला. तेल काढायचं राहूनच गेलं.

फाटकावर फाइनाने गाडी अडवली. "सावेली अर्खिपोविच, भंगार चोरलंत की काय? गाडी पार जमिनीला टेकलीय!"

त्याने आरशात पाहिलं नाही. "उघडा फाटक, फाइना. पोरं दमलीत."

तिने मागच्या काचेतून डोकावून पाहिलं. मग फाटक उघडलं आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

घरापाशी त्याने गाडीचे चारही दरवाजे उघडले. "आलं रे घर. उतरा."

तो वाट बघत राहिला. गाडी तसूभरही वर उचलली गेली नाही. मग त्याला उमगलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. हे घर त्यांचं कुठे होतं?

त्याने एकेक दरवाजा लावला, परत येऊन बसला आणि किल्ली फिरवली.

"कोस्त्रोमा आधी, तिखोन?" त्याने विचारलं. "बाकीच्यांनी आपापलं गाव सांगा..."

शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा सावकाश ओढला गेला, आणि खट्कन लागला.