वाणातली पट्टी

सुनेत्रावहिनींच्या हळदीकुंकवाला यंदाही वाण म्हणून ‘निवांत’च होती. नखाएवढी पारदर्शक पट्टी. दंडावर चिकटवली की ताप, अंगदुखी, पाळीतला ठणका सगळं गायब. संक्रांतीला कंपनी खोकीच्या खोकी फुकट पाठवायची. इचलकरंजीत वाणाला कुणी नाही म्हणत नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं.

वहिनींची नणंद, डॉक्टर उल्का, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वहिनींच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचा निकाल सकाळीच आला होता. विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगाची ती सुरुवात होती.

तिनं वहिनींना आत बोलावून सगळं सांगितलं. हा विषाणू बहुतेकींना कधी ना कधी गाठतो, उल्का म्हणाली, आणि बहुतेकींचं शरीर त्याला हुसकूनही लावतं. विषाणूचा चोर शिरला की पेशी निरोप-रेणू धाडतात, मग रक्षक पेशी धावून येतात. ताप, ठणका येतो तो त्याच धावपळीमुळे. ‘निवांत’ ते निरोपच वाटेत अडवते, आणि चोर आतच राहतो.

“पण दाह कमी झाला की कॅन्सर टळतो म्हणतात ना, वन्सं?”

“अर्धं खरं आहे. तेच निरोप वर्षानुवर्षं चालू राहिले तर गाठीला खतपाणी मिळतं. म्हणून काय निरोप्याचं तोंडच शिवायचं?”

पट्टी लावणाऱ्या दोन रुग्णांवरून नुकतीच शंका आली तेव्हा उल्कानं कंपनीला लिहिलं होतं. रोग विषाणूचा, पट्टीचा नव्हे, असं उत्तर आलं. खाली हसरा चेहरा आणि संक्रांतीच्या शुभेच्छा. तो चेहरा आठवून तिला शिसारी आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही बायकांच्याच हातून, हळदीकुंकू लावून! इतका किळसवाणा धंदा तिनं पाहिला नव्हता.

वहिनींनी दंडावरची पट्टी सोलून काढली. खालची कातडी पांढरीफटक, ओलसर झाली होती. त्यांनी ती पट्टी चिमटीत धरून केरात टाकली आणि हात साबणानं दोनदा धुतले.

“मी बरी होईन?”

“लवकर कळलंय, उपचार आहेत. पण आता ताप येईल, दुखेलही. येऊ द्या.”

बाहेरून वाणासाठी हाक आली. वहिनी दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. बैठकीत बायका हसतखिदळत एकमेकींच्या दंडावर पट्ट्या चिकटवत होत्या.

“इतकी वर्षं मी हे माझ्या हातानं वाटलं,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “वन्सं, यांतल्या किती जणींच्या अंगात चोर शिरलाय, आणि ओरडायला कुणी नाही?”