तीनशे बारा घोडे आणि चार लिंबं

मानवजातीच्या इतिहासात काही क्षण असे येतात, की त्यांच्यानंतर माणूस आणि यंत्र यांचं नातं पूर्वीसारखं राहत नाही. असा एक क्षण कोल्हापूरच्या मगदूम इंजिन प्रयोगशाळेत येऊन गेला, तेव्हा मानवजातीचे चारच प्रतिनिधी तिथे हजर होते आणि त्यांतल्या एकाची पोह्यांत शेव कमी असल्याची तक्रार चालू होती.

'प्रयोगशाळा' हा शब्द सुदर्शन मगदूमने पाटीवर स्वतः रंगवला होता. त्याच्याखालचा 'गॅरेज' हा जुना शब्द उन्हात नीट पाहिलं की अजून दिसायचा.

पेट्रोलच्या गाड्या रस्त्यांवरून हद्दपार होऊन बरीच वर्षं झाली होती. ज्या थोड्या उरल्या त्यांना सरकारने 'वारसा वाहन' असं भारदस्त नाव दिलं आणि एक अट घातली. वर्षातून एकदा गिरजोबाच्या खाणीचा चढ, हौद्यात टनभर खडी भरून, ठरलेल्या वेळात चढून दाखवायचा. जमलं तर वर्षभर इंजिन चालू ठेवायची मुभा. नाही जमलं तर इंजिनाला सील, आणि गाडीची रवानगी नगरपालिकेच्या बागेत. तिथे हौद्यात माती भरत, मातीत झेंडू लावत आणि शेजारी माहितीफलक उभा करत.

सुदर्शनची पिकअप, नाव 'वाघीण', गेल्या वर्षी काठावर पास झाली होती. यंदा सरकारने वेळ निम्मी केली. याच पिकअपच्या हौद्यात उभं राहून सुदर्शन आणि सुलोचनाची वरात निघाली होती. त्यामुळे झेंडूचा विषय घरात कुणी काढत नसे. रणजित सोडून.

रणजित म्हणजे सुलोचनाचा धाकटा भाऊ. इलेक्ट्रिक पिकअपचा वितरक. शेवेची तक्रार त्याचीच होती.

"दाजी, पिवळा लावायचा का केशरी?" बशी खाली ठेवत तो म्हणाला. "आत्ताच सांगा. रोपवाटिकेत आपली ओळख हाय."

"अक्काला विचार," सुदर्शन बॉनेटखालून म्हणाला.

"अक्का विळी घेऊन बसलीय," सुलोचना आतून म्हणाली. "विचार बघू."

चौथी व्यक्ती या कौटुंबिक चर्चेत भाग न घेता इंजिनाकडे बघत होती. डॉ. चित्रलेखा कुरुंदवाडे. इंजिनिअरिंगला सुदर्शनच्या वर्गात होती. पुढे ती ज्वलनशास्त्रात जगभर नाव काढून आली, आणि ती परतली तोवर जगाने ज्वलनच बंद केलं होतं.

"किती देते आत्ता?" तिने विचारलं.

"एकशे चाळीस अश्वशक्ती. टर्बो मोठा घातला, इंजेक्टर नवे घातले, तरी एकशे चाळीसच. हात-पाय पैलवानाचे, मेंदू भित्र्या कारकुनाचा."

"त्याला मुद्दाम भित्रं बनवलंय, मगदूम." चित्रलेखाने एक स्पार्क प्लग हातात घेतला. "ठिणगी अगदी योग्य क्षणी पडली तर पिस्टनला जोरदार धक्का मिळतो. जराशी लवकर पडली तर उरलेलं इंधन आपोआप भडकतं आणि पिस्टनवर घण बसतो. दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी. आता तू पेट्रोल कसलं भरतोस, हवा किती तापलीय, हे कंपनीला काय माहीत? म्हणून ती कड्यापासून दहा पावलं अलीकडेच थांबते."

"आणि तू?"

"मी कड्यावर नेऊन उभी करते. पडू न देता."

तिची कल्पना साधी होती. ज्योतीतून अतिशय सूक्ष्म वीज वाहते. ठिणगी पाडून झाली की तोच प्लग त्या विजेवर कान लावून बसू शकतो. आत इंधन कसं जळलं हे त्याला समजतं. या पद्धतीला ती 'ज्वाला-श्रवण' म्हणायची. प्रत्येक ज्वलन ऐकायचं आणि त्यावरून पुढची ठिणगी ठरवायची. ठरवणारा नवा इंजिन-मेंदू तिने बरोबर आणला होता. त्याला कुणी नियम शिकवत नसे, तो आपला आपण शिके. त्याला फक्त एक 'शाबासकी-सूत्र' द्यायचं, म्हणजे काय वाढलं की शाबासकी मिळेल ते सांगायचं. ते वाढवण्यासाठी तो हाताशी असेल ते सगळं करून बघायचा.

"तर सांग," ती म्हणाली. "शाबासकी कशाला द्यायची?"

"शक्तीला."

"फक्त?"

"इंजिन फुटायचं नाही, आणि शक्ती. पिकअपला आणि काय लागतंय?"

"वेग वगैरे?"

"चित्रा," सुदर्शन हात पुसत म्हणाला, "शक्ती आली की वेग मागनं येतोय."

या वाक्यावर सगळ्या उद्यमनगरचा विश्वास होता. तिथे गाडी किती पळते असं कुणी विचारत नसे. किती घोडे, एवढंच विचारत, आणि उत्तर ऐकून मान डोलावत. चित्रलेखाही याच गावची. तिने मान डोलावली आणि तसंच लिहिलं.

"इंधन, टर्बो, ठिणगी, गिअर, ब्रेक, सगळ्यांचा ताबा याच्याकडे जाईल."

"ब्रेक कशाला?"

"चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून ब्रेक धरायचं आणि सोडायचं काम मेंदूच करतो. ते वेगळं काढायचं तर चाचणी उरकून जाईल."

"मग ऱ्हाऊ दे."

रस्त्यावर न्यायला बंदी, म्हणून वाघिणीचं सगळं शिक्षण डायनोवर झालं. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले रोलर. गाडी त्यांच्यावर जागच्या जागी धावते, रोलर तिला अडवून धरतात आणि अडवायला किती जोर लागला त्यावरून शक्ती मोजतात. पहिल्या दिवशी आकडा एकशे अठ्ठ्याऐंशीवर गेला. सुदर्शनने शेजारच्या चार कारखान्यांतली माणसं बोलावून आणली. दुसऱ्या दिवशी दोनशे चाळीस, आणि बोलावणं न पाठवता माणसं आली. इंजिनाचा आवाज बदलला होता. आधीची घरघर जाऊन एकसंध, ताणलेली गर्जना यायला लागली होती. कंपनीत जन्म गेलेली माणसं डोळे मिटून ती ऐकत उभी राहिली. गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि चाकं यांच्यात फक्त तेलाची जोडणी होती. ते तेल तापू नये म्हणून सुदर्शनने पुढे एवढा थोरला रेडिएटर लावला, की वाघिणीचं तोंड ऐरावतासारखं दिसायला लागलं.

तिसऱ्या दिवशी तीनशे बारा.

"नाद खुळा!" रणजित ओरडला, आणि आपण कुठल्या बाजूचे आहोत ते आठवून गप्प बसला.

जुना मेंदू सुदर्शनने नटबोल्टच्या डब्यात टाकला आणि वर झाकण लावलं.

चाचणीच्या दिवशी वाघीण खाणीत आली ती रणजितच्या इलेक्ट्रिक ट्रकवर लादून. "माझ्या खांद्यावर बसून मलाच हरवायला निघालाय," असं तो वाटेत भेटेल त्याला सांगत होता. खाणीच्या तळातून बाहेर पडायला तो एकच चढ होता. त्याच्या पायथ्याशी पांढरी रेघ मारलेली, दोन्ही बाजूंना गाव गोळा झालेलं. सनईवाल्यांना सुदर्शनने चढाच्या टोकावर उभं केलं होतं.

परीक्षक देशिंगकर बाईंनी इंजिनाला मापनयंत्र जोडलं आणि त्याचा आकडा मोठ्या फलकावर दिसू लागला. हौद्यात खडी भरली. मेंदू नवा म्हणजे गाडी नवी, असं म्हणत सुलोचनाने बॉनेटवर हळद-कुंकू वाहिलं आणि चारही चाकांच्या पुढ्यात एकेक लिंबू सारलं.

"अहो, सावकाश सोडा," ती म्हणाली. "मागं खडी हाय, मी नाही."

निशाण पडलं. सुदर्शनने पाय दाबला.

असा आवाज त्या खाणीने सुरुंगाच्या काळातही ऐकला नव्हता. फलकावर दोनशे दिसले, पाठोपाठ दोनशे ऐंशी, मग तीनशे बारा. तीनशे वीस झाले तेव्हा माणसं टोप्या उडवत होती. हौद्यातली खडी नाचत होती. वाघीण नाकापासून शेपटापर्यंत थरथरत होती.

"प्रेशर करतीय," कुणी जाणकाराने शेजाऱ्याला सांगितलं. "आता एकदम सुटतीय बघ."

"दाबा दाजी, दाबा!" रणजित बेंबीच्या देठापासून ओरडत होता. त्याला आता काहीच आठवत नव्हतं.

तीनशे एकतीस. आकडा तिथे येऊन थांबला आणि हलेना. वाघीणही हलेना.

गर्दीचा आवाज हळूहळू खाली आला. गाडीखालून तापलेल्या तेलाचा वास यायला लागला. चित्रलेखा हातातल्या पडद्याकडे बघत होती. बघता बघता ती गाडीशेजारी गेली आणि तिने काच खाली करायची खूण केली.

"ब्रेक अडकलाय!" सुदर्शन आतून ओरडला.

"अडकला नाही. त्याने धरलाय."

"कुणी?"

"मेंदूने! गाडी सुटली की इंजिनाचे फेरे वर-खाली होणार, गिअर बदलणार. गिअर बदलताना शक्ती क्षणभर पडते. डायनोवर रोलर अडवून धरत होते, तेव्हा त्याला सगळ्यांत जास्त शाबासकी मिळाली. इथे रोलर नाहीत. मग त्याने चाकं धरली. इंजिन फिरतंय, सगळी शक्ती तेल तापवण्यात चाललीय. आणि तुझा रेडिएटर एवढा मोठा, की तेलही जळत नाही!"

"अगं पण गाडी पुढं न्यायचीय!"

"हे तू त्याला कधी सांगितलंस?"

"पिकअपला सांगावं लागतंय व्हय?"

"पिकअपला नाही. त्याला लागतं." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आणि लिहिणारीनेही विचारायला हवं होतं."

सुदर्शनने पाय उचलला. वाघीण शांत झाली. पुन्हा दाबला. पुन्हा तीनशे एकतीस. हँडब्रेकचं बटण चार वेळा ओढून पाहिलं. ते बटण मेंदूला विनंती करायचं आणि मेंदू ती फेटाळायचा.

"जुना मेंदू घाल!"

"कुठाय?"

नटबोल्टचा डबा गावात होता.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. देशिंगकर बाई फलकाकडे बघत पुढे आल्या. त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता.

"मगदूम साहेब, अभिनंदन. आमच्या वारसा वाहन कक्षात आजवर नोंदवलेली सर्वांत जास्त शक्ती आहे ही. इतकं निर्दोष ज्वलन मी पाहिलेलं नाही."

"मग पास?" सुदर्शनने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून सील काढलं.

सुलोचनाने बॉनेटवर हात ठेवला. ते चांगलंच गरम होतं, तरी तिने तो काढला नाही. रणजित जवळ आला. झेंडूबद्दल तो काही बोलला नाही.

"दाजी, तुम्हाला उतरवून ट्रक वर नेऊन लावलाय," तो खाली बघत म्हणाला. "खाली माझी पिकअप हाय, तिनं ओढून नेतो. चालंल न्हवं?"

चित्रलेखाने नव्या मेंदूची वायर काढली, तेव्हा ब्रेक सुटले. खडी उतरवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. रणजितची इलेक्ट्रिक पिकअप पुढे लागली, दोर ताणला गेला, आणि चारही लिंबं फुटली.

वर सनईवाल्यांना खालचं काहीच कळलेलं नव्हतं. वाघिणीचं तोंड दिसताच त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

दोन्ही गाड्या मिळून ठरलेल्या वेळेच्या आत चढल्या होत्या.