पोटातला पंप

हे तुम्हाला पटणार नाही, पैज लावतो. आमच्या डॉक्टरीणबाईंना पटलं नाही, त्यांच्या यंत्राला पटलं नाही, मग तुम्ही कोण टिकोजीराव लागून गेलात? पण नंबर लागायला वेळ आहे, बाकही ऐसपैस आहे, तेव्हा ऐका. ही शेजारी भिंतीला डोकं टेकून बसलीय ती माझी बायको. झोपलेली नाही, नुसते डोळे मिटलेत.

मी नळकाम करणारा. जन्मभर मोऱ्यांत वाकून कंबरेचा पार भुगा झाला. गोळ्यांनी डोकं गरगरायचं, पोट बिघडायचं, पण दुखणं जागचं हलेना. शेवटी बाई म्हणाल्या, "काका, पंप बसवू." म्हटलं, "आजवर मी लोकांच्या घरी बसवले, आता माझ्यातच?"

बसवला. इथे, बेंबीच्या बाजूला, कातडीखाली. बूटपॉलिशच्या डबीएवढा. त्यातून निघालेली बारीक नळी आतल्या आत कंबरेला वळसा घालून मणक्यात शिरते आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडते. दुखण्याची वर्दी मेंदूकडे जाते ती त्याच वाटेने, म्हणून गोळ्यांच्या मानाने चिमूटभर औषध पुरतं. किती सोडायचं ते बाई बाहेरून यंत्र धरून ठरवतात. औषध संपत आलं की पोटात सुई घालून डबी पुन्हा भरतात. पण भरण्याआधी उरलेलं सगळं ओढून काढायचं आणि जेवढं उरायला हवं तेवढंच उरलंय का ते पाहायचं, हा त्यांचा नेम.

"मग, बरं वाटलं?" समोरच्या बाकावरच्या मास्तरांनी विचारलं. त्यांनाही पंप सुचवला होता, म्हणून जीव कानात आणून ऐकत होते.

वाटलं की! पण थोडेच दिवस. मग दुखणं चोरपावलांनी परत आलं. पुढच्या भरणीला बाईंनी सुई ओढली आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली. पाव डबी उरायला हवी होती, निघाले चार थेंब. एवढं जास्तीचं औषध मणक्यात गेलं असतं तर मी गुंगीत पडलो असतो, श्वास मंदावला असता. मी तर टक्क जागा, कळ सोसत दात आवळून बसलेला.

"गळतंय," मी म्हटलं. धंद्याची सवय.

घरी मात्र वेगळंच दिसायला लागलं. हिची कंबरही शिलाई मशीनवर बसून गेलेली. पंपाला हिने साफ नकार दिला होता. "मला नको बाई पोटात डबा!" दुपारी आम्ही पाठीला पाठ लावून आडवे होतो, लग्नापासूनची सवय. एक दिवस ही उठली ती हात न टेकता. मग जिने चढू लागली. मग भरलेल्या बादल्या. आणि मी उठायचो तो भिंत धरून.

"योगायोग," मास्तर म्हणाले.

मीही तेच म्हटलं. म्हणून काही दिवस बाहेरच्या खोलीत आडवा झालो. हिची कंबर धरली, माझी सुटली. पुन्हा पाठीला पाठ लावली, पुन्हा उलट.

पुढच्या भरणीला पुन्हा चार थेंब. तेव्हा बाईंनी माझ्या नळीत एक्स-रेवर उमटणारं द्रव सोडून फोटो काढला. नळी धड, टोक जागेवर. हिचं दुखणं औषधाशिवाय कसं थांबलं म्हणून त्यांनी संध्याकाळी, आमची दुपारची झोप झाल्यावर, हिचाही काढला.

हिच्या मणक्यात पांढरी रेघ होती. बारीक, वर चढत गेलेली.

हिला कुणी सुई टोचली नव्हती.

बाईंनी तो फोटो उजेडाला धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाल्या, "पंप काढून टाकू."

मी म्हटलं, नाही. कळा सोसेन, भिंती धरीन, पण ही सरळ चालतेय तोवर पंप निघणार नाही. राजीखुशीने द्यायचं ठरवलं. दुपारी मीच सरकून पाठ लावायचो.

मास्तर चष्मा पुसू लागले.

दार उघडलं. "पंपवाले पेशंट, चला," नर्स म्हणाली.

मी ताडकन उठलो आणि हिला हात दिला.

मास्तर माझ्या ताठ पाठीकडे बघत राहिले.

"खोटं," ही म्हणाली. डोळे उघडले होते. माझा हात न घेता, बाकाची कड धरून ती कशीबशी उभी राहिली. "मास्तर, पंप माझ्या पोटात आहे. रेघ निघाली ती यांच्या मणक्यात. आज मी तो काढूनच घेणार आहे, मग कंबरेचं काय व्हायचं ते होवो."

"म्हणजे तुम्ही राजीखुशीने..." मास्तर अडखळले.

"कसली राजीखुशी? मी वेगळ्या खोलीत आडवी होते, आतून कडी लावून. जाग येते तेव्हा कडी तशीच असते, आणि पाठीला यांची पाठ असते."