कुलपातला वास

शालिनीने पर्समधून बाळाचं टोपडं काढलं. ते दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं होतं आणि वर रबर लावलेलं होतं.

"लगेच उघडू नका," ती म्हणाली. "उडून जाईल."

मालती केदारींनी हात मागे घेतला. त्या खाजगी तपासाची कामं घ्यायच्या. मळमड्डीतल्या घराच्या या पुढच्या खोलीत आजवर हरवलेले जावई आले होते, लग्नाआधीच्या चौकशा आल्या होत्या. वास बांधून आणणारं गिऱ्हाईक मात्र पहिलंच.

कोपऱ्यात गुरुराज मास्तर तपकिरीची डबी बोटांनी वाजवत बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते मालतीबाईंना स्कूटरवरून नेत आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घेत.

शालिनीची हकिगत साधी होती, पण ती सांगताना दाराकडे बघत होती, जणू घरी ठेवून आलेलं मूल इथून ऐकू येईल. ती हुबळीत विद्यानगरला राहायची, तिथल्याच एका कॉलेजात शिकवायची. पदरात मित्रा, अजून रांगणारी. नवरा भीमराव इंजिनिअर. दिवाळीत तो जर्मनीतलं काम संपवून परत आला तेव्हा त्याने स्वतःसाठी एक महागडं अत्तर आणलं होतं, चामड्याच्या वासाचं. घरात सासरे धोंडिबा आणि सासूबाई जनाबाई. जनाबाईंची आठवण गेली होती. नवऱ्यालासुद्धा त्या "हे म्हातारं कोण" म्हणायच्या. दिवसभर मित्राला आणि घराला बघायला दुर्गव्वा यायची.

जानेवारीपासून बाटली रिकामी होत चालल्याचं शालिनीच्या लक्षात आलं. भीमराव क्वचितच लावायचा. मग एका संध्याकाळी ती घरी आली, मित्राला उचललं आणि तिच्या डोक्याला तोच वास आला.

"दुपारी, मी घरात नसताना, माझ्या मुलीच्या डोक्याला," ती म्हणाली. "कुणीतरी पुरुष येत असणार, असंच मनात आलं. दुर्गव्वाला विचारलं, ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वास. मी तिला काढून टाकलं आणि बाटली माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली."

"सासू-सासऱ्यांना काय सांगितलं?"

"भाचीच्या लग्नाला गावी गेली म्हणून. म्हाताऱ्या माणसांच्या जिवाला कशाला घोर."

"मग झालं की," गुरुराज म्हणाले.

झालं नव्हतं. जनाबाई जेवत नव्हत्या. गेल्या पावसाळ्यातही त्या दात आवळून बसायच्या. जानेवारीपासून सुधारल्या, रोज दुपारी पोटभर जेवू लागल्या. दुर्गव्वा गेली आणि तोंड पुन्हा मिटलं. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सगळे म्हणत होते, म्हातारीने दुर्गव्वाचा ध्यास घेतलाय.

"तिला परत बोलवायचं तर माझी मुलगी तिच्या हातात द्यायची. नाही बोलवायचं तर सासूबाई..." तिने वाक्य सोडून दिलं. "मला एवढंच सांगा, तिने घरात कुणाला घेतलं होतं का?"

मालतीबाईंनी पिशवी उघडली. खोलीत नव्या चपलांच्या दुकानाचा वास पसरला. क्षणभर त्यांना वडिलांच्या सायकलची सीट आठवली, उन्हात तापलेली, आणि मागे बसून तिला नाक लावणारी फ्रॉकातली एक मुलगी. मग त्यांनी भिंग घेतलं. वास टोपड्याच्या एकाच बाजूला होता, डाव्या कानावर. तिथेच एक काळा, राठ केस अडकला होता.

"दुर्गव्वाचा," गुरुराजांनी निकाल दिला.

"तिचे पांढरे झालेत. मेंदी लावते," शालिनी म्हणाली.

विद्यानगरच्या घराबाहेर एप्रिलचं ऊन भाजत होतं. धोंडिबा दाराशी स्टुलावर बसले होते, स्वच्छ धोतर, दाढी केलेली, आणि खांद्यावर काळी घोंगडी.

"अज्जा, थंडी वाजते काय?" गुरुराजांनी विचारलं.

"सवय हाय," धोंडिबा म्हणाले आणि आत जाऊन ती घोंगडी जमिनीवर अंथरून आले. मित्राला झोप येत होती. ती रांगत गेली आणि त्या राठ लोकरीवर गाल टेकून पडली. मालतीबाई तिच्याजवळ वाकल्या, बराच वेळ वाकून राहिल्या. मूल बघून बाई विरघळल्या, असं गुरुराजांना वाटलं.

पलंगावर जनाबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. उशाशी पेजेची वाटी तशीच, वर साय धरलेली.

भीमराव मोकळा माणूस होता. मालतीबाई अत्तराच्या जाणकार आहेत, एवढंच त्याला सांगितलं होतं. तेवढ्यावर तो भरभरून बोलला. त्यांच्या हुबळीतल्या घरात चामड्याची वस्तू कधी नव्हती. अळणावरकडच्या गावात वडील, म्हणजे आप्पा, चपला आणि मोटा शिवायचे. छप्पन्न साली दीक्षा घेतली, हत्यारं विहिरीत टाकली आणि हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपात लागले. त्याच्या शाळेच्या चड्डीचा पट्टासुद्धा कापडी असायचा.

"या वासापायी लोक आप्पांना अंगणाबाहेर उभं करायचे," तो म्हणाला. "फ्रँकफर्टच्या विमानतळावर तोच वास काचेच्या बाटलीत, दिवे लावून मांडलेला. हसू आलं, आणि घेतला."

घरी आल्याच्या दिवशी नव्या कोटावर तो मारून त्याने आईला वाकून नमस्कार केला, तर आई म्हणाली, "अवं, आलासा व्हय?" सगळे हसले होते. आप्पा तेवढे उठून परसात गेले.

मालतीबाईंनी शालिनीकडून बाटली मागवली आणि प्रत्येकाच्या मनगटावर एक फवारा मारला. स्वतःच्याही. मग चहा आला. कुणाला काही विचारायचं नव्हतं, फक्त वाट बघायची होती.

पहिल्या घोटाला सगळ्यांचे हात एकाच चपलेच्या दुकानात होते. कप रिकामे होईतो पाच हात पाच वाटांनी गेले. भीमरावच्या मनगटावर वास जळक्या लाकडाचा झाला. शालिनीच्या हाताला दूध आटल्यासारखा मऊ. गुरुराजांच्या हातावर विडीचा धूर होऊन बसला, अर्थात तपकिरीमुळे त्यांना स्वतःला काहीच कळलं नाही. मालतीबाईंच्या हातावर उरली नुसती सुकलेल्या फुलांची धूळ. धोंडिबांच्या हातावर त्याचा चक्क गूळ झाला.

जो तो आपलं मनगट पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होता. धोंडिबा हात गुडघ्यावर ठेवून बसले होते.

"अंगाला कशाला लावायचं," ते एवढंच म्हणाले. "कापडाला लावायचं."

दुर्गव्वा दाजीबानपेठेच्या मागच्या बोळात लेकीकडे राहत होती. मालतीबाईंना तिने बसायला पाट दिला, पण चेहरा दिला नाही. "नानु तगोंडिल्ल," ती कानडीत म्हणाली. मी अत्तर घेतलं नाही. शालिनीअक्कांच्या लेकराला पहिल्या महिन्यापासून न्हाऊ घातलं, आणि अक्कांनी पिशवी तपासून बाहेर काढलं. दारातून कुणी पुरुष आत आला नव्हता, येणारही नव्हता.

म्हातारी जेवत नाही, हे ऐकून मात्र तिचा चेहरा बदलला.

"माझ्यापायी? छे हो. मी कुठं भरवत होते? अज्जाच भरवायचे. दुपारी मला म्हणायचे, जा तू, जेवून घे, आणि दार लोटून घ्यायचे. पोर तिथंच आजीपाशी निजायची."

गुरुराजांनी स्कूटरला किक मारताना सांगून टाकलं की बाई साफ खोटं बोलते, तिचे डोळे खाली होते.

"मास्तर, अपमान झालेल्या माणसाचे डोळे खालीच असतात," मालतीबाई म्हणाल्या. "विद्यानगरला चला. दुपारच्या जेवणाआधी पोचायला हवं."

त्यांनी शालिनीला आणि भीमरावला स्वयंपाकघरात बोलावलं आणि टोपडं ओट्यावर ठेवलं.

"हा वास कुणा माणसाच्या अंगावरून आलेला नाही," त्या म्हणाल्या. "अंगावर हे अत्तर चहा संपेपर्यंत बदलतं. कुणाचा धूर, कुणाचा गूळ. हे टोपडं इतके दिवस बांधून आहे, तरी वास अजून कोऱ्या चामड्याचा. तसा तो टिकतो फक्त कापडावर, आणि सगळ्यात जास्त लोकरीवर."

"टोपड्यावरच कुणी मारलं असेल," गुरुराज म्हणाले.

"मग सगळ्या टोपड्याला आला असता. तो एका कानाला आहे, म्हणजे मूल ज्या बाजूवर निजलं तिथे घासून लागला. तिथेच हा काळा केस. तो केस नाही, मास्तर, घोंगडीची लोकर आहे. सकाळी मी मित्राजवळ वाकले ती लाड करायला नव्हे. घोंगडीला अजूनही बारीकसा वास आहे."

भीमराव हळूच खुर्चीवर बसला. "आप्पा? त्यांना कशाला अत्तर?"

"तुम्हीच सांगितलंत. ते लावून तुम्ही आईपुढे वाकलात, आणि त्यांनी तुम्हाला नवऱ्याची हाक मारली. तुम्ही हसलात. तुमच्या वडिलांना हसू आलं नाही. त्या घरात फक्त त्यांनाच कळलं की जनाबाई कुणाची वाट बघतायत. हा दाढी केलेला, साबणाचा वास येणारा म्हातारा त्यांना परका आहे. त्यांचा माणूस चामड्याच्या वासाचा होता."

शालिनीने ओट्यावरचं टोपडं जवळ ओढलं.

"पहिल्यांदा त्यांनी ते हाताला लावलं असणार, आणि त्याचा गूळ झाला. म्हणून तर आज सगळे मनगट हुंगत होते, ते हुंगत नव्हते. त्यांना माहीत होतं काय होणार. मग घोंगडीला लावलं. कापडाला लावायचं, हे त्यांनी आपल्या तोंडानेच सांगितलं. जानेवारीपासून बाटली उतरायला लागली, आणि जानेवारीपासूनच जनाबाई जेवायला लागल्या."

शालिनीचा हात तोंडाशी गेला.

"दुर्गव्वाने त्यांना कधी भरवलंच नव्हतं. मग ती गेल्यावर त्यांचं जेवण का तुटावं? त्याच दिवशी घरात आणखी एक गोष्ट झाली होती."

"मी बाटलीला कुलूप लावलं," शालिनी म्हणाली.

दारात धोंडिबा उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. ते कुणाकडे न बघता बोलले. दीक्षेनंतर जनाबाईने त्यांना रोज राख आणि लिंबाने घासलं होतं, कातडं निघेपर्यंत. तरवडाची साल, हिरडा, चुना, कातडं कमावण्याचा सगळा वास घालवला. पुन्हा हा वास घरात आणायचा न्हाई, असा शब्द तिने घेतला होता.

"त्यो शब्द मोडला म्या. म्हणून बोललो न्हाई. पोराची वस्तू, इच्यारायला जीभ रेटंना."

"आप्पा, तुम्हाला त्या कामाची आठवण येते?" भीमरावने विचारलं.

"त्या कामाची कशाला येईल? लई अपमान खाल्ला त्याच्यापायी." त्यांनी जनाबाईंच्या खोलीकडे मान वळवली. "हिची येती. दारातनं आत पाऊल टाकलं की वरडायची माझ्यावर. आता वरडत न्हाई. पावण्यावानी बघती."

शालिनीने कमरेची किल्ली काढली. कपाटाचं कुलूप उघडलं. बाटली तिने सासऱ्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "दुर्गव्वाकडे आज मी स्वतः जाणार. सगळं सांगणार आणि माफी मागणार. आली तर माझं नशीब."

"ती लगीन सोडून कशी येईल?" धोंडिबा म्हणाले. तिला काढून टाकल्याचं त्यांना अजून माहीत नव्हतं.

"लग्न नव्हतं, आप्पा. तेही सांगते. आधी आईंना भरवा."

त्यांनी घोंगडीच्या घडीवर दोन फवारे मारले, ती खांद्यावर घेतली आणि जरा वेळ उन्हात उभे राहिले. शालिनीने पेज गरम केली. या वेळी कुणी दार लोटलं नाही.

धोंडिबा पलंगाजवळ गेले. जनाबाईंचं तोंड भिंतीकडेच होतं. मग त्यांचं नाक हललं. हळूहळू त्या वळल्या आणि त्यांनी म्हाताऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अवं, आलासा व्हय? किती येळ ह्यो," त्यांचा आवाज खरखरीत होता. "आणि तसंच जवळ येतासा? पोरं हैत घरात. आदी हात धुवा."

धोंडिबांचे हात स्वच्छच होते. तरी ते परसात गेले. नळाचं पाणी बराच वेळ वाजत राहिलं. मग ते परत आले, पलंगापाशी बसले आणि दोन्ही ओले तळवे पुढे धरले.

जनाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिले, एक बोट नाकाशी नेलं, आणि पेजेसाठी तोंड उघडलं.