सायराचा तळहात

इसवी सन २०९१. पुण्याच्या स्पर्शविज्ञान प्रयोगशाळेत एका जुनाट मनगटपट्टीवरून वाद चालला होता.

पट्टी दुर्वा ऐनापुरे यांच्या हातावर होती. दुर्वा जन्मापासून बहिऱ्या. धरणांच्या भिंतींची कंपनं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांचा आवाज जाड नि सपाट, पण सवय झालेल्यांना सगळं कळे. समोर प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. श्रीरंग बोंगाळे बसले होते.

"दुर्वाताई, पट्टी द्या. संध्याकाळपर्यंत दोष काढून परत करतो."

"दोष कुठला?"

"पूर्वदाब. समोरचा वाईट काही बोलणार असला की त्याच्या आधीच तुमची पट्टी मनगट हलकेच दाबते. दुसऱ्या कुठल्याच पट्टीत हे नाही. यंत्राला काय भविष्य कळतं?"

"भविष्य नाही, चेहरा कळतो. तिच्या भिंगाला तुम्ही दिसता ना!"

बोंगाळे हसले. "तिला चेहरे वाचायला आम्ही कधी शिकवलं?"

"तुम्ही नाही. सायरानं."

स्पर्शवाणीचं, म्हणजे या पट्टीचं, तत्त्व साधं होतं. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग रिकामा राहत नाही, स्पर्श तिथे वस्तीला येतो. बोलणं त्वचेवरच्या ठोक्यांत उतरवलं, तर काही वर्षांत ते ठोके आवाजासारखेच जाणवू लागतात. मात्र पट्टीला आधी ठोके शिकवावे लागत, आणि ते काम वर्गातल्या मुलांचं. शेजारी बसणाऱ्यानं ऐकायचं नि दुर्वाच्या मनगटावर बोटांनी वाजवायचं. भिंगातून पट्टी बोलणाऱ्याकडे पाही, त्वचेवरून ती बोटं टिपी.

"नियम असा होता," बोंगाळे म्हणाले, "की रोज नवा शेजारी. म्हणजे कुणा एकाची लकब यंत्रात उतरू नये."

"मिरजेच्या आमच्या शाळेत नियम फळ्यावर असायचा. गुरवबाई फळ्याकडे वळल्या की सायरा मुजावर उठून माझ्या बाकावर. ज्याची पाळी असेल त्याला ती तिच्या डब्यातली चिंच द्यायची. सगळा वर्ग सामील होता. बाईंनाही ठाऊक असणार. त्या जरा जास्तच वेळ फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या."

सायराचे वडील सतारी बनवत. भोपळा पक्का आहे की नाही हे ते बोटांनी वाजवून पाहत, आणि मग नाद कुठवर टिकतो ते कळावं म्हणून त्यावर तळहात टेकवत. मुलीचं बोटही तसंच चाले. बाई रागावणार, कुणी वेडंवाकडं बोलणार, असं चेहऱ्यावर दिसलं की सायरा आधी दुर्वाच्या मनगटावर तळहात ठेवी. मग शब्द वाजवी. पट्टी ते सगळंच शिकली.

"म्हणजे तुम्हाला सगळं जग एकाच मुलीच्या हातानं बोलतं?" बोंगाळ्यांनी विचारलं.

"सगळं. नवरा, मुलगा, तुम्ही. फक्त तिचं स्वतःचं बोलणं मी पट्टीतून कधी ऐकलं नाही. शिकवून झालं, पट्टी बोलायला लागली, त्याच उन्हाळ्यात मुजावर मंडळी विजापूरला गेली. मग पत्ता हरवला. परवा कळलं, ती मिरजेला परत आलीय. बापाचं दुकान उघडलंय. तिचं बोलणं एकदा ऐकू द्या. मग खुशाल दोष काढा."

बोंगाळ्यांनी मान डोलावली. "पण ताई, नक्की द्याल ना? जुन्या पट्टीचं काळजीचं काही नाही, तरी..."

दुर्वांच्या मनगटावर पट्टीतला तो तळहात टेकला. त्या म्हणाल्या, "म्हणजे काळजीचं आहे."

"सुटे भाग संपलेत," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "आता बिघडली तर दुरुस्त होणार नाही."

*

दुकानात भोपळे टांगलेले होते. पांढऱ्या केसांची, बारीक झालेली बाई तारा ओढत बसली होती. तिनं वर पाहिलं.

"अगं बया! दुर्वी! आत ये की. दारात काय उभारलीस पाहुण्यागत?"

दुर्वा तशाच उभ्या राहिल्या. सायराचं बोलणं सायराच्याच बोटांनी मनगटावर वाजलं होतं. आयुष्यभर सगळ्यांच्या बोलण्याला उसना दिलेला हात आज घरी आला होता.

"रडतीस काय? नाक पूस. सतारीवर पाणी सांडलं तर बाप कबरीतनं उठंल माझा."

चहा झाला. गुरवबाईंची नक्कल झाली. चिंचेचा विषय निघाला तेव्हा सायरा म्हणाली, "तुझ्यापायी किती चिंच घालवली मी! अन् तू? एक पत्र नाही."

"तूही नाही." दुर्वांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "किती वाळलीस गं. तब्येत बरी आहे ना?"

सायरा तोंडभर हसली.

त्या हसण्यावरच दुर्वांच्या मनगटावर तळहात टेकला. हलका, गरम वाटावा असा.

"मला काय धाड भरलीय?" ठोके मागून आले. "घोड्यासारखी हाय."

दुर्वांनी कप खाली ठेवला. आपला तळहात सायराच्या मनगटावर ठेवला, अगदी बाकावर असायचा तसा.

सायराचं हसू हळूहळू उतरलं. "कुणी सांगितलं तुला? डॉक्टरशिवाय कुणाला माहीत नाही. पोरीलासुद्धा नाही."

"तूच सांगितलंस."

सायरानं मनगटपट्टीकडे पाहिलं. "अजून हाय होय ती माझी खोड," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी तिनं मुलीलाही सांगितलं, दुर्वा शेजारी बसल्या होत्या म्हणून.

*

दुर्वा पुण्याला परतल्या नाहीत. दुकानामागच्या खोलीत राहिल्या. डॉ. बोंगाळ्यांनी दोष काढण्याचा आग्रह सोडला. पुढच्या स्पर्शवाणीत त्यांनी पाळीचा नियम रद्द केला, शिकवणारा हात मुलानं निवडायचा असं ठरलं. गुरवबाई फार पूर्वीच गेल्या होत्या. त्यांच्या शाळेत आजही बहिरी, आंधळी, चाकाच्या खुर्चीतली मुलं सगळ्यांबरोबर बसतात आणि बाकं बदलतात. सायराची मुलगी सतारी बनवते.

सायरा पुढच्या वैशाखात गेली. दुर्वा तेव्हा अंगणात भोपळे उन्हाला लावत होत्या. मुलगी इस्पितळातून आली, फाटकाशी थांबली, आणि तिनं तोंड उघडण्याआधीच दुर्वांच्या मनगटावर सायरानं हात ठेवला.