वहिनीचं पथ्य

चपलेतला खिळा पायाच्या अंगठ्याखाली रुतून रक्त वाहत होतं, आणि कौशल्येला त्याचं काहीच कळलं नव्हतं. फरशीवर उमटलेले लाल ठसे दिसले तेव्हा ती क्षणभर दुसऱ्याच कुणाचं रक्त असावं तशी बघत राहिली... मग घाईघाईनं तिनं पोतेरं फिरवलं. बाहेर दुकानात देवराव चूर्णाच्या पुड्या बांधत होते. त्यांच्या नजरेला हे पडायला नको होतं.

शहरातल्या सक्करदऱ्याला देवरावांचं जडीबुटीचं दुकान होतं. साखरेच्या आजारावरचं त्यांचं कडू चूर्ण न्यायला लोक पार उमरेडहून यायचे. तोच आजार पुढे कौशल्येला जडला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिनं थोड्याच दिवसांत सोडून दिल्या. चूर्ण देणाऱ्याचीच बायको दवाखान्याच्या गोळ्या खाते असं कळलं, तर गिऱ्हाइकांनी विश्वास कशावर ठेवायचा? ती रोज सकाळी निष्ठेनं ते चूर्ण घ्यायची, आणि देवरावांनी विचारलं की बरं वाटतं म्हणायची. न भागणारी तहान, उतरत चाललेलं अंग, बधिर होत गेलेली पावलं... सारं तिनं मुकाट्यानं सोसलं होतं.

पण त्याहून जड होतं ते प्रेमिलेचं दुःख. प्रेमिला म्हणजे देवरावांची धाकटी बहीण. सासू गेली तेव्हा ती पोर नुकती चालायला लागली होती. कौशल्येला स्वतःचं मूल झालं नाही. तिनं सारी माया या नणंदेवर ओतली, तिला शिकवलं, आणि प्रेमिला शहराच्या सदर भागातल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ झाली. मधुमेहाच्या रोग्यांना काय खावं, काय टाळावं हे सांगणं तिचं काम. एकदा उमरेडची एक बाई तिथं बेशुद्ध होऊन आली. ती डॉक्टरांच्या गोळ्याही घेत होती आणि देवरावांचं चूर्णही. दोन्ही मिळून साखर फार खाली उतरली होती. प्रेमिलेनं तिला गोळ्यांसोबत चूर्ण घेऊ नका म्हणून बजावलं. त्या बाईनं भर दुकानात पुड्या परत आणून टाकल्या.

त्या संध्याकाळी देवराव बहिणीला म्हणाले होते, “ज्याच्यावर तू शिकली, त्यालेच जहर म्हणून राहिली? या घरात पुन्हा येऊ नको.” आपण जहर म्हटलंच नाही, असं प्रेमिला सांगत राहिली. ते ऐकायला कुणी थांबलं नाही. ती निघून गेली, तेव्हा कौशल्या दाराआड उभी होती...

पायाची जखम भरेना. कडा काळ्या पडू लागल्या, तेव्हा मैत्रिणीकडे जाते असं सांगून कौशल्या रिक्षानं सदरच्या त्याच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पाय पाहिला, रक्त तपासलं, आणि दाखल व्हायला सांगून आधी खाण्यापिण्याच्या चौकशीसाठी तिला शेजारच्या खोलीत पाठवलं. आत प्रेमिला बसली होती.

वहिनीला पाहताच प्रेमिला खुर्चीतून अर्धी उठली. पण नर्स उभी होती, बाकावर रोगी वाट पाहत होते. प्रेमिलेनं स्वतःला सावरलं आणि सगळ्यांना विचारायची तसंच विचारलं. सकाळी काय खाता, भाकर किती, चहात साखर किती... कौशल्या खाली मान घालून उत्तरं देत राहिली.

“आणखी काही घेता? चूर्ण, काढा, पाला?”

“नाही.”

प्रेमिलेनं पेन खाली ठेवलं. “वहिनी, हे मी सगळ्याइले विचारते. कोणाचं नाव खराब करायले नाही. लपवलं की औषधाचा अंदाज चुकते, अन् जीव रोग्याचा जाते.”

कौशल्येनं मान वर केली. “तुह्या दादाचंच घेते वं... दुसरं काहीच नाही.”

प्रेमिला टेबलामागून उठून आली, खाली बसली आणि तो सुजलेला पाय तिनं मांडीवर घेतला.

निरोप मिळताच देवराव आले. तोवर पायाचा अंगठा काढावा लागला होता. पाय वाचेल असं डॉक्टर म्हणत होते. देवराव खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी बायकोला विचारलं, “काहून लपवलं?”

“तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून,” ती हळूच म्हणाली.

देवरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्यांनी पायथ्याशी उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. “माह्यं चूर्ण खोटं आहे का?”

“खोटं नाही, दादा. थोडी साखर उतरत असंल. पण वहिनीच्या आजाराले ते पुरलं नाही. अन् गोळीसोबत घेतलं तर किती उतरंल, हे डॉक्टरले तरी कसं समजंल? त्यात काय काय आहे, हे तूच जाणतं.”

चूर्णाची ती कृती वडिलांनी मरताना देवरावांच्या कानात सांगितली होती. ती बाहेर गेली की दुकानाचं ते वेगळेपण संपणार होतं. सगळा वॉर्ड जागा होता, शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन ऐकत होती.

“लिही,” ते म्हणाले.

जांभळाच्या बिया, गुडमार, चिरायता... एकेक नाव आणि त्याचं प्रमाण ते मोठ्यानं सांगत गेले. शेवटच्या नावापाशी त्यांचा आवाज अडखळला. त्यांनी पट्टी बांधलेल्या पावलाकडे पाहिलं आणि तेही सांगून टाकलं. प्रेमिलेचे डोळे भरून आले होते, अक्षरं तिला नीट दिसत नव्हती. ते ध्यानात येऊन देवरावांनी, कुणी न सांगता, पहिल्यापासून पुन्हा एकदा, सावकाश सांगायला सुरुवात केली.